वस्तऱ्याचा आवाज

नमस्कार श्रोतेहो. आज वस्तऱ्याविषयी बोलायचंय. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवून वापरतात तो नव्हे. अखंड पात्याचा, मुठीत घडी होणारा, निसण्यावर धार लावून चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा वस्तरा. जिलेट यांनी १९०३ साली बदलायची पाती विकायला काढली आणि हळूहळू हा वस्तरा घरोघरी ट्रंकेत जाऊन पडला. निपाणीच्या आमच्या घरात तो मला आजोबांच्या ट्रंकेत सापडला, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो.

तो घेऊन गल्लीतल्या नाभिक मामांच्या घरी गेलो, मंगळवारी. आपल्याकडे सलून मंगळवारी बंद, तिकडे कोल्हापूरकडे सोमवारी. मंगळवारी अडलं तर सरळ कागलची एसटी धरावी, ही आपल्या भागाची सोय मला फार आवडते.

मामांनी पातं उजेडात धरलं. "धार मेल्याय, पण लोखंड चांगलं हाय," म्हणाले आणि ठेवून घेतला. पुढच्या मंगळवारी पट्ट्यासकट हातात दिला. "आदी परजायला शीक."

पट्टा दाराच्या कडीला अडकवायचा, ताणून धरायचा. परजताना पाठ पुढे, धार मागे. पुन्हा सांगतो, पाठ पुढे, धार मागे. उलट गेलात तर पट्टा कापला जातो. वळवतानाही पाठ पट्ट्यावरून उचलायची नाही. चार मंगळवार मी फक्त परजत होतो.

पाचव्या मंगळवारी मामांनी मला आरशापुढे बसवलं, गालावर गरम टॉवेल ठेवला, फेस केला, आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसले. माझ्याकडे पाठ करून, शेंगा फोडत.

"मामा, बघणार नाही का?"

"बगून काय करू? ऐकतोय की."

मी कल्ल्याखाली वस्तरा टेकवला आणि ओढला. काहीच आवाज नाही.

"पाठ उचल," मामा न वळता म्हणाले.

जरा उचलली. आता खर्रर्र असा कोरडा, बारीक आवाज आला.

"हां. आता निधान. निधान."

निधान हा कानडी शब्द, पण आमच्या घरातही तोच चालतो. 'सावकाश' ऐकून माणूस हळू होतो. 'निधान' ऐकून हात हळू होतो, असं माझं ठाम मत आहे.

गाल झाले. हनुवटीच्या वळणावर कातडी ताणायची राहिली, तसा आवाज बदलला, चिरका झाला. "थांब!" मामा ओरडले. मी थांबेपर्यंत वस्तरा धारेच्या रेषेतच आडवा सरकला आणि फेसावर लाल ठिपका उमटला. मामा उठले, तुरटीचा खडा भिजवून जखमेवर दाबला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी थांब म्हटलं तवा रगात नव्हतं."

श्रोतेहो, ते वाक्य मी विसरलेलो नाही. कानाला आधी कळलं होतं, डोळ्याला नंतर.

बाकीचं थोडक्यात. गरम पाण्यानं केस मऊ करा. मोकळ्या हातानं कातडी ताणा. पातं गालाशी साधारण तीस अंशांत. पहिला हात केसांच्या कलानेच. आणि वस्तरा आडवा सरकवू नका. लक्षात ठेवा, आडवा नको. एक वस्तरा, एकच चेहरा. घरातल्या कुणाचाही असला तरी उसना घेऊ नका. दाढी झाली की पातं पुसून कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. आणि तुरटीच ठेवा. बाटलीतल्या सुगंधी पाण्याला वास आहे, पण तुरटीसारखं रक्त त्यानं थांबत नाही.

मामांनी त्या दिवशी उरलेली हनुवटी माझ्याकडूनच पूर्ण करून घेतली. पुन्हा उंबऱ्यावर, पुन्हा पाठ करून. शेंगा फोडणं मात्र त्यांनी थांबवलं होतं.

तुम्ही पहिल्यांदा वस्तरा हातात घ्याल, तेव्हा खोलीत शांतता ठेवा. तेवढा वेळ हा रेडिओसुद्धा बंद करा. नमस्कार.