न मागता गेलेली पोचपावती

श्रोतेहो, नमस्कार.

बाबांना ऐकू कमी येतंय हे घरात सगळ्यांना कळलं होतं, मान्य फक्त त्यांनाच नव्हतं. टीव्हीचा आवाज दर आठवड्याला चढत होता. शेवटी त्यांच्या नकळत मी कानाच्या मशीनची चौकशी केली. इंटरनेटवर एका कंपनीला माझा फोन नंबर आणि ईमेल दिला. लगेच मेल आला. चार मशीनं, त्यांचे फोटो, किमती.

जाता जाता एक सांगते, विषय सोडून आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर बसा, तुमचं तोंड त्यांना दिसू द्या, सावकाश बोला. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, माणूस मात्र दुखावतो.

तर त्या रात्री सगळे झोपल्यावर मी अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर तो मेल उघडला. वाचला, बंद केला. पुन्हा उघडला. खर्च झेपेल का, बाबा रागावतील का, हेच डोक्यात. मी कोणाशी बोलले नाही, उत्तर पाठवलं नाही, एकाही लिंकवर बोट ठेवलं नाही. फक्त वाचला. हे लक्षात ठेवा, फक्त वाचला.

सकाळी फोन आला. पलीकडे एक मुलगी, बोलणं अगदी आर्जवी. "मॅडम, काल रात्री तुम्ही आमचा मेल ३ वेळा बघितलात. शेवटचा १ वाजून ४० मिनिटांनी. काही शंका असेल तर विचारा ना."

समोर बाबा पेपर वाचत होते. मी उठून आतल्या खोलीत गेले. म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं हे?"

"आमच्या स्क्रीनवर दिसतं ना मॅडम."

तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि तिच्यावर माझा रागही नाही, तिला नेमून दिलेलं काम ती करत होती. पण माझ्या अंगावर काटा आला. जी काळजी मी घरातल्या कोणापाशी बोलले नव्हते, तिची वेळ मिनिटासकट कुठल्याशा ऑफिसात नोंदलेली होती.

माझी मावसबहीण जाहिरातींचे मेल पाठवण्याचंच काम करते. संध्याकाळी तिला गाठलं. तिने तो मेल कॉम्प्युटरवर उघडला, त्यामागचा कोड काढला आणि तळाशी एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे चित्र बघ." मला तिथे चित्र दिसेना. रुंदी १, उंची १. एका ठिपक्याएवढं, तेही पारदर्शक. डोळ्यांना दिसूच नये म्हणून बनवलेलं.

ती म्हणाली, "हे चित्र मेलमध्ये नसतंच. असतो तो फक्त त्याचा पत्ता. मेल उघडला की तुझा फोन त्या पत्त्यावर जाऊन चित्र मागतो. आणि हा पत्ता आम्ही प्रत्येकाला वेगळा देतो. तुला दिलेल्या पत्त्यावर मागणी आली, म्हणजे मेल तू उघडलास."

पुन्हा सांगते. आपण काहीच पाठवत नाही. आपला फोन चित्र मागतो, आणि ती मागणी हीच पोचपावती. तिच्यासोबत वेळ जाते, फोन कोणता ते कळतं, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक, तोही जातो, आणि त्यावरून आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येतो.

मग बहिणीने माझ्या मेलच्या सेटिंगमध्ये चित्रं आपोआप उघडणं बंद केलं आणि मला एक मेल पाठवला. मी तो अक्षरन् अक्षर वाचला. तिच्या स्क्रीनवर मात्र आलं, 'उघडला नाही'.

ही युक्ती जुनी आहे. २००६ मध्ये अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळातल्या बातम्या बाहेर फुटत होत्या. तेव्हा कंपनीच्या तपासनिसांनी एका महिला पत्रकाराला असाच माग काढणारा मेल पाठवला होता, ती तो पुढे कोणाला पाठवते ते बघायला. ते प्रकरण अमेरिकन संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. जाहिरातींच्या मेलमध्ये मात्र हे रोज चालतं आणि कोणी चौकशी करत नाही.

थोडा आडोसा आता मिळाला आहे. डिसेंबर २०१३ पासून जीमेल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरवरून, म्हणजे त्यांच्या मधल्या कॉम्प्युटरवरून, आणून दाखवतं, त्यामुळे आपला आयपी पत्ता झाकला जातो. मेल उघडल्याचं तरीही कळतंच. २०२१ मध्ये ॲपलने आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या मेल ॲपमधलं संरक्षण चालू केलं, की आपण मेल उघडो न उघडो, चित्रं आधीच मधल्या सर्व्हरमार्फत आणून ठेवली जातात. बहीण म्हणते, "आता 'उघडला' या आकड्यावर आमचाच भरवसा नाही, आम्ही लिंक बघतो." कारण लिंकवर बोट ठेवलं की आपण आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून खऱ्या पानावर. लिंकवरचं हे माग काढणं चित्रं बंद ठेवून थांबत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये जा, 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' असा पर्याय निवडा, आणि लिंक दाबण्याआधी क्षणभर थांबा. पुन्हा सांगते, 'चित्रं दाखवण्याआधी विचारा'.

आणि ते 'या मेलला उत्तर देऊ नका' असं लिहिलेले मेल! ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मी पत्र मानत नाही. आपण वाचलं की नाही हे यांना हवं असतं, आपलं म्हणणं नको असतं.

रजिस्टर पत्राच्या पोचपावतीवर सही करताना आपल्याला माहीत असायचं की ती परत जाणार आहे. माझं भांडण तेवढ्याच गोष्टीसाठी आहे. मला विचारा, मी कदाचित हो म्हणेन.

हे सगळं मी बाबांना सांगितलं, मशीनच्या चौकशीसकट. अगदी समोर बसून, सावकाश. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कान माझे. तू तरी मला कुठे विचारलं होतंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. नंतर कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं मिळून गेलो. दिवस बाबांनी ठरवला.