आयोना ते फ्लोरिडा : एका गार्डची वाटचाल

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला. एका विद्यापीठाचा खेळाडू आता दुसऱ्या विद्यापीठाच्या संघात जाऊन लगेच खेळू शकतो. या बदलावर तिथे बरीच टीका होते. निष्ठा उरली नाही, सगळा बाजार झाला, असे म्हटले जाते. मला मात्र हा बदल न्याय्य वाटतो, आणि तसे का वाटते, हे वॉल्टर क्लेटन ज्युनियर या गार्डच्या कारकिर्दीतून मी आज सांगणार आहे.

गार्ड म्हणजे संघाचा सूत्रधार. उंचीने तो सहसा इतरांहून कमी असतो, पण चेंडू बहुतेक वेळ त्याच्याच हातात असतो. कोणता सहकारी कोणत्या कोपऱ्यातून धावत येईल, कुणाला पास थेट छातीशी हवा आणि कुणाला टप्पा देऊन, हे त्याला मान न वळवता उमगावे लागते. संघ बदलला की ही सगळी ओळख पुसली जाते आणि नव्या मैदानावर ती पहिल्यापासून करून घ्यावी लागते. म्हणूनच गार्डने विद्यापीठ बदलणे मला अधिक अवघड वाटते.

क्लेटन मूळचा फ्लोरिडातल्या लेक वेल्स या लहानशा गावचा. शाळेत असताना अमेरिकन फुटबॉलमध्येही तो इतका चांगला होता की मोठमोठ्या विद्यापीठांनी त्या खेळासाठी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती. त्याने बास्केटबॉल निवडला आणि 2021मध्ये तो न्यू यॉर्क राज्यातल्या न्यू रोशेलच्या आयोना या छोट्या विद्यापीठात दाखल झाला. तिथे प्रशिक्षक होते रिक पिटिनो, या खेळातले नामवंत गुरू. पहिल्या वर्षी क्लेटन राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून खेळायला येत असे. दुसऱ्या वर्षी तो, आयोना ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते, त्या गटातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्च 2023मध्ये आयोनाने राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला, पण पहिल्याच फेरीत कनेक्टिकटने त्यांना 87-63 असे हरवले.

त्यानंतर काही दिवसांतच पिटिनो आयोना सोडून सेंट जॉन्स विद्यापीठात गेले. करार मोडून, अधिक पगारावर दुसरीकडे जाण्याची मोकळीक प्रशिक्षकांना कायमच होती, आणि त्यांना कुणी एक वर्ष घरी बसायला सांगितले नाही. खेळाडूला मात्र जुन्या नियमाप्रमाणे विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर सामन्यांपासून दूर राहावे लागे. तो सराव करी, अभ्यास करी आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत बाकावर बसून राही. वीस वर्षांच्या मुलाच्या हाती खेळाची चारच वर्षे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नियमाची कठोरता कळते. 2018मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नावनोंदणीची ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही व्यवस्था आली, 2021मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याचा हक्कही मिळाला. 2024पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या, तर कितीही वेळा बदल करता येतो.

या मोकळिकीचा फायदा घेऊन क्लेटन आपल्या राज्यात, गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठात परतला. आयोनासारख्या छोट्या संस्थेने घडवलेला मुलगा मोठ्या संस्थेने नेला, ही बोच खरीच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तरी पुढे काय झाले ते पाहा. फ्लोरिडातल्या पहिल्या वर्षी, मार्च 2024मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत कोलोरॅडोविरुद्ध त्याने 33 गुण केले, शेवटच्या क्षणांत बरोबरी साधून दिली, आणि तरीही संघ 102-100 असा हरला. व्यावसायिक संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीसाठी त्याने नाव दिले होते. ते त्याने मागे घेतले आणि आणखी एक वर्ष तो तिथेच थांबला.

त्या वर्षी संघाच्या आघाडीच्या तिन्ही गार्डनी आपली कारकीर्द दुसरीकडे सुरू केली होती. क्लेटन आयोनाचा, विल रिचर्ड बेलमाँटचा, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. मार्च 2025मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत समोर आले पुन्हा कनेक्टिकट, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते. या वेळी फ्लोरिडा 77-75 अशी जिंकली आणि क्लेटनचे गुण होते 23. पुढे उपान्त्यपूर्व सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध जेमतेम तीन मिनिटे उरली असताना संघ नऊ गुणांनी मागे होता. क्लेटनने 30 गुण करून तो सामना खेचून आणला. उपान्त्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध त्याने 34 गुण केले. या दोन्ही टप्प्यांवर लागोपाठ तिशी गाठणारा 1979च्या लॅरी बर्डनंतरचा तो पहिलाच खेळाडू.

अंतिम सामना 7 एप्रिलला सॅन अँटोनियोत ह्यूस्टनशी झाला. पूर्वार्धात क्लेटनला एकही गुण मिळाला नाही आणि उत्तरार्धात संघ बारा गुणांनी पिछाडीवर पडला. तिथून सावरत फ्लोरिडाने 65-63 अशी आघाडी घेतली. अखेरच्या क्षणी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांसाठी उडी घेत असतानाच क्लेटन हात उंचावून त्याच्यावर झेपावला. हवेत असलेल्या शार्पने चेंडू तसाच खाली सोडला. आता त्याने तो पुन्हा धरला असता, तर नियमभंग झाला असता. म्हणून तो टप्पे खाणाऱ्या चेंडूकडे नुसता पाहत उभा राहिला. फ्लोरिडाच्या ॲलेक्स कॉन्डनने जमिनीवर लोळण घेत चेंडू कवटाळला आणि वेळ संपली. क्लेटन स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या संध्याकाळचे त्याचे गुण होते फक्त अकरा, पण ती एक झेप मला त्याच्या चौतीस गुणांहून मोठी वाटते.

जून 2025मध्ये एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत अठराव्या क्रमांकावर वॉशिंग्टनच्या वतीने त्याचे नाव पुकारले गेले, आणि त्याच रात्रीच्या देवाणघेवाणीत त्याचे हक्क युटा जॅझ या संघाकडे गेले. कुठे खेळायचे, हे या वेळी त्याला कुणी विचारले नाही.

नमस्कार.