चावी कोणाच्या हातात?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून मुंबईकडे निघालेल्या जलवाहिन्यांच्या एका सांध्याखाली एक बाई कळशी लावून बसल्या आहेत. त्यांच्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि तानसा व भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे मात्र त्यांच्याच तालुक्यात आहेत. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसाचे. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडक सागर, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढले, तशी त्याची तहान अधिकाधिक दूरच्या खोऱ्यांत पोहोचत गेली.

भातसाचे पाणी नदीपात्रातून पिसे येथे येते, तेथून पंपाने उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते. वैतरणा-तानसाचे पाणी उताराने भांडुपला पोहोचते. पुढे ते सेवा जलाशयांत साठते आणि वस्त्यांना ठरलेल्या वेळीच सुटते. महापालिकेचा चावीवाला रस्त्यावरचे झाकण उचलतो, लांबलचक लोखंडी चावी झडपेवर बसवतो आणि फेरे मोजत ती फिरवतो. कोणत्या उतारावर दाब कमी ठेवायचा आणि टेकडीवरच्या टोकापर्यंत पाणी चढायला किती वेळ लागतो, हे त्याला तोंडपाठ असते. नळ सोडताना त्याची आठवण आपल्यापैकी फार थोड्यांना होत असेल.

वेळापत्रक मात्र त्याच्या हातात नसते, आणि जोडणी कोणाला द्यायची हे तर मुळीच नसते. ते वर्षानुवर्षे झोपडी सरकारने ठरवलेल्या पात्रतेच्या तारखेआधीची आहे की नाही, यावरून ठरत आले. पाण्याचा प्रश्न जमिनीच्या कागदांत अडकवून ठेवणे राज्यकर्त्यांच्या सोयीचेच होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तरीही महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण प्रत्यक्षात यायला २०२२ चा मे उजाडला. केंद्र सरकारच्या जमिनींवरील वस्त्यांत अजूनही ना-हरकत प्रमाणपत्राची वाट पाहिली जाते आणि तोवर पिंपाच्या भावाने पाणी विकत घेतले जाते.

दरम्यान, पुढच्या धरणाची जागा ठरली आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात गारगाई नदी अडवून आणखी ४४० दशलक्ष लिटर पाणी रोज मुंबईला आणण्याची योजना असून, त्यासाठी तानसा अभयारण्यातील जंगल पाण्याखाली जाईल आणि आदिवासी गावांना उठावे लागेल.