नाका आणि नाक्यामागची खोली

(कोकणातल्या ग्रामआरोग्य कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर आशाताई आहेत, आरोग्यसेविका आहेत, काही सरपंच आणि पोलीस पाटीलही आले आहेत. २०२० साली गावाच्या वेशीवर जे काही घडलं ते तुम्ही प्रत्यक्ष निभावलेलं आहे. त्याचं वर्णन तुम्हाला ऐकवण्यात अर्थ नाही. मी आज अमेरिकेतल्या एका काउंटीची हकिगत सांगणार आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. कोलोरॅडो राज्यातली ही गनिसन काउंटी. शंभर वर्षांच्या अंतराने तिच्यावर दोन मोठ्या साथी आल्या: १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० चा कोरोना. पहिल्या साथीत तिने जे करून दाखवलं त्याचा अभ्यास आजही होतो. दुसऱ्या साथीत तीच काउंटी सुरुवातीलाच होरपळली.

आधी जागा समजून घ्या. क्षेत्रफळ साधारण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढं. रत्नागिरीत २०११ च्या जनगणनेत सोळा लाख माणसं होती. गनिसनमध्ये आज सतरा हजारांच्या आसपास आहेत, आणि १९१८ साली जेमतेम साडेपाच-सहा हजार होती. रॉकी पर्वतातलं खोरं, गनिसन गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७,७०० फुटांवर. हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो. १९१८ साली तिथे गुरांचे मोठाले गोठे आणि कुरणं होती, क्रेस्टेड ब्यूट गावात कोळशाच्या खाणी होत्या, गनिसन गावात शिक्षक तयार करणारं कॉलेज होतं. बाहेरच्या जगाशी संबंध दोनच मार्गांनी: घाटातून येणारे थोडे रस्ते आणि मार्शल पास ओलांडून येणारी अरुंद रुळांची रेल्वे. हे लक्षात ठेवा, कारण गनिसनच्या यशाचा निम्मा वाटा या भूगोलाचा आहे. तो वजा न करता त्यांचं कौतुक केलं तर आपण स्वतःची फसवणूक करू.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने आपल्याकडे काय केलं हे घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत होतं. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत तो दिसला आणि आगगाडीबरोबर आत पसरला. पावसाळा सरताना दुसरी लाट आली तेव्हा तो भयंकर झाला होता. हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं गेली. कोलोरॅडोत तो सप्टेंबरमध्ये पोचला. आधी बोल्डर आणि डेन्व्हरसारख्या शहरांत, मग रेल्वेने डोंगरातल्या खाणगावांत. गनिसनच्या दक्षिणेला सिल्व्हरटन नावाचं खाणगाव आहे. तिथे थोड्याच आठवड्यांत गावातला जवळपास दर दहावा माणूस गेला असं सांगतात. म्हणजे डोंगरात असणं, दूर असणं, थंड हवा असणं, यातल्या कशानेही गाव आपोआप वाचत नव्हतं. सिल्व्हरटनही दूरच होतं.

गनिसनमध्ये काउंटीचे डॉक्टर होते एफ. पी. हॅन्सन. गावच्या वर्तमानपत्राने ऑक्टोबरमध्येच लिहायला घेतलं होतं की हा आजार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हॅन्सन यांनी काउंटीच्या हद्दीवर मुख्य रस्त्यांवर अडसर घातले. तिथे कंदील लावले, पाट्या लावल्या: न थांबता सरळ पुढे जा, नाहीतर थांबून क्वारंटाईन स्वीकारा. गाडीतल्या प्रवाशांना सांगितलं जायचं की गनिसनला उतरलात तर तुम्हाला ताब्यात घेऊन वेगळं ठेवलं जाईल. आगगाडी त्यांनी बंद केली नाही, ती येत-जात राहिली. दोन मोटारवाले आणि एक रेल्वेप्रवासी यांनी नियम चुकवायचा प्रयत्न केला, त्यांना तुरुंगात टाकलं. हे सगळं ऑक्टोबर ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने चाललं.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपण ही हकिगत सांगताना अडसर, कंदील, तुरुंग हेच सांगतो, कारण ते डोळ्यांपुढे उभं राहतं. पण नियम नीट वाचा. नियम ‘येऊ नका’ असा नव्हता. नियम असा होता की या, पण आल्यावर ठरलेले दिवस बाजूला राहा. आणि तो सगळ्यांना होता. कुणाचं तिथे घर आहे, कुणाचं नाही, कोण प्रतिष्ठित आहे, हे नाक्यावर विचारलं जात नव्हतं. बाहेरून आलात एवढं पुरे. येणाऱ्याला वाट मोकळी होती आणि त्या वाटेवर एक थांबा होता. चार महिने लोकांनी हे सहन केलं याचं मोठं कारण मला यात दिसतं. केवळ बंदुकीच्या धाकावर इतके दिवस कुठलंही गाव बंद राहत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. निरोगी गावाने स्वतःला कडी लावून घ्यायची, हा उपाय पहिला रुग्ण गावात येण्याआधीच चालतो. आत शिरलेल्या रोगावर दार लावलं की तो आतल्यांनाच खातो. मिशिगन विद्यापीठातल्या हॉवर्ड मार्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ मध्ये जवळपास सुटलेल्या जागा शोधून काढल्या. २००६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सात जागा सापडल्या. त्यात गनिसन, व्हरमाँटमधलं फ्लेचर हे छोटं गाव, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या बेटावरचं नौदलाचं प्रशिक्षण केंद्र, पिट्सबर्गमधली अंधांची शाळा, एक क्षयरोगाचं आरोग्यधाम आणि दोन उच्च शिक्षणाच्या संस्था. यादी ऐकूनच कळतं ना? बेट, वसतिगृह, आरोग्यधाम. माणसं थोडी, दारं मोजकी, दारावर कुणाचीतरी सत्ता. अभ्यासकांनी स्वतःच बजावलं की यावरून मोठ्या शहरांसाठी नियम काढता येणार नाही. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

त्याच राज्यातलं डेन्व्हर पाहा. शहराने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा, देवळं, नाटकगृहं बंद केली. ११ नोव्हेंबरला महायुद्ध थांबलं. त्याच दिवशी बंदी उठली आणि माणसांनी रस्ते भरून गेले. रुग्ण पुन्हा वाढले. नोव्हेंबर संपायच्या आत पुन्हा बंदी घालायचा हुकूम निघाला, तेव्हा करमणुकीच्या धंद्यातल्या मालकांनी ओरड केली आणि शहराने माघार घेऊन मुखपट्टीवर भागवलं. डेन्व्हरमध्ये साथीला दोन शिखरं आली. एकदा सैल सोडलेला नियम पुन्हा आवळणं किती कठीण असतं, हे मी इथे बसलेल्या सरपंचांना सांगायला नको.

गनिसनने फेब्रुवारी १९१९ च्या सुरुवातीला नाके उठवले. मार्चमध्ये तिसरी लाट तिथेही पोचली. शंभराच्या आसपास लोक आजारी पडले, बहुतेकांचा आजार सौम्य होता, पण काही तरुण माणसं दगावल्याचंही वर्तमानपत्रात आलं होतं. म्हणजे गनिसन कायमचं वाचलं नाही. त्याने सर्वांत जीवघेणे महिने टाळले. साथीत वेळ विकत घेणं हेच पुष्कळदा हाती असतं, आणि त्या वेळेची किंमत माणसांच्या जिवात मोजायची असते.

आता शंभर वर्षं पुढे या. क्रेस्टेड ब्यूटची मोठी कोळसा खाण १९५२ साली बंद पडली. दहा वर्षांत तिथल्या डोंगरावर स्कीइंग सुरू झालं. बर्फावरून घसरायला देशभरातून लोक येऊ लागले, मग त्यातल्या पैसेवाल्यांनी घरं बांधली. ही माणसं एरवी टेक्सासमध्ये किंवा आणखी कुठे राहतात आणि हंगामाला इथे येतात. गावाची चूल आता पाहुण्यांवर पेटते. १९१८ साली या खोऱ्यातून गुरं आणि कोळसा बाहेर जात होता, २०२० साली माणसं आत येत होती. डोंगर, घाट, हद्द सगळं जागेवर होतं. पण बंद करता येईल असं दार उरलं नव्हतं, कारण त्या दारातूनच पोट भरत होतं.

मार्च २०२० मध्ये स्कीइंगचा हंगाम भरात होता. कोलोरॅडोतले पहिले रुग्ण मार्चच्या सुरुवातीला सापडले. महिन्याच्या मध्यावर राज्याच्या आरोग्य खात्याने सांगितलं की ईगल, समिट, पिटकिन आणि गनिसन या चार डोंगरी काउंट्यांत जाऊन आलेल्यांनी इतरांशी संपर्क कमी करावा. १४ मार्चला राज्याचे निवडून आलेले प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, जॅरेड पोलिस यांनी स्कीइंगची केंद्रं बंद करायला लावली. तोवर विषाणू आत आलेला होता. थोड्याच दिवसांत गनिसनमध्ये लोकसंख्येच्या मानाने रुग्णांचं प्रमाण देशातल्या सर्वांत जास्त काउंट्यांमध्ये गणलं जाऊ लागलं. आणि काउंटीचं रुग्णालय किती खाटांचं? चोवीस. आपल्या ग्रामीण रुग्णालयातही तीस खाटा असतात. गंभीर रुग्ण पुढे पाठवायचा तर घाट उतरून जायचं. उंचीमुळे हवेत प्राणवायू विरळ, आणि आजार फुप्फुसाचा.

काउंटीच्या आरोग्य खात्याने हातपाय गाळले नाहीत. चाचण्यांचा तुटवडा होता, म्हणून लोकांनी आपली लक्षणं स्वतःच कळवावीत अशी सोय केली, फोनवर माहिती देणारं केंद्र चालवलं. पुढे धोक्याच्या पातळ्या रंगांनी दाखवणारा ‘कोरोनामीटर’ काढला. आज कुठला रंग आहे आणि त्या रंगाला काय बंद, काय चालू, हे दुकानदारालाही कळायचं. ही कल्पना मला फार आवडते, कारण उद्या काय होणार हे माणसाला आधी कळलं तर तो नियम पाळायला तयार असतो.

पण एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक हुकूम काढला. काउंटीत राहत नसलेल्यांनी, अगदी इथे स्वतःचं घर असलं तरी, यायचं नाही. कारणं खरी होती: चोवीस खाटा, उंची, अपुरी साधनसामग्री. ९ एप्रिलला टेक्सासचे अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, केन पॅक्सटन यांनी पत्र पाठवलं की आमच्या राज्यातल्या घरमालकांना तुम्ही असं हाकलू शकत नाही, हे घटनेत बसत नाही. घरमालक म्हणाले, कर आम्ही भरतो, मग घर आमचं असून आम्हालाच बंदी कशी? गावकरी म्हणाले, आजारी पडलात तर खाट आमची लागते. बरेच दिवस कडवटपणा राहिला.

हा वाद तुम्हाला ओळखीचा वाटत असेल. २०२० च्या गणपतीला मुंबईचे चाकरमानी यायचे होते. घर त्यांचं, देव त्यांचा, आईवडील इथे. आणि वाड्यावाड्यांत भीती. क्वारंटाईन चौदा दिवसांचं की कमी, यावरून किती बैठका झाल्या. शेवटी ठरलं की १२ ऑगस्टपर्यंत पोचायचं, दहा दिवस वेगळं राहायचं, २२ ला चतुर्थी. उशिरा येणाऱ्याने चाचणी करून यायचं. एसटी सोडल्या. त्या तोडग्यात त्रुटी होत्याच, पण त्याचा आकार मला १९१८ च्या गनिसनसारखा वाटतो. या, पण थांबा. आणि २०२० च्या गनिसनने नेमकं तेच केलं नाही. त्यांच्या हुकमात येणाऱ्याला थांबायची जागाच ठेवली नव्हती. त्यांची भीती खरी होती, तरीही मी म्हणेन की तो हुकूम उशिरा आला आणि त्याने रोगाऐवजी पत्त्यावर बोट ठेवलं. आतला माणूस तेव्हा बाहेरच्याइतकाच बाधित असू शकत होता.

आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या गेल्या. मुंबई-पुण्याहून चालत आलेली आपलीच मुलं गावाबाहेर उभी राहिली. जिथे शाळेच्या खोल्या उघडल्या, शौचालयात पाणी सोडलं, वाडीतून डबे गेले, आशाताई रोज दोन वेळा ताप विचारून आल्या, तिथे माणसं दिवस काढून सुखरूप घरी गेली. जिथे नुसत्या फांद्या होत्या, तिथे माणसं रात्री आडवाटेने घरात शिरली आणि मग त्यांनी ताप लपवला. लपवलेल्या तापाइतका धोका कुठल्याच उघड रुग्णाचा नसतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की नाक्याचा विचार करण्याआधी त्यामागच्या खोलीचा विचार करा. त्या खोलीत किती माणसं राहतील, बाईमाणसाची वेगळी सोय कुठे, गरोदर बाई आली तर तिला कुठे ठेवायचं, स्वयंपाक कोण करणार, त्याचे पैसे ग्रामपंचायतीच्या कुठल्या खात्यातून जाणार. हे साथ नसताना ठरतं. साथीत ठरत नाही.

मागून एक प्रश्न आला आहे. एक सरपंच विचारतायत की पुढच्या साथीत गावबंदी करायची की नाही, सरळ सांगा.

सरळ सांगते. गावात एकही रुग्ण नसेल, बाहेर साथ वाढत असेल, आणि खोल्या तयार असतील, तर करा. तुमचा मुलगा पुण्याहून आला तर सगळ्यांत आधी तो त्या खोलीत राहायला जाईल, हे त्याच दिवशी ग्रामसभेत जाहीर करा. गावात रुग्ण आधीच असेल तर फांद्या उचला आणि नाक्यावरची माणसं घरभेटीला लावा. आणि नाका उठवाल तेव्हा गनिसनचा मार्च विसरू नका. नाका उठला त्या दिवशी आशाताईंची ताप-खोकल्याची वही मिटायची नाही. पुढचे दीड-दोन महिने प्रत्येक घराची नोंद चालू ठेवायची, आणि ती वही दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी स्वतः बघायची.