मुद्राराक्षसाचा अंगठा

[अगदी जवळून : टेबल-लॅम्पचा उजेड, चिमट्यात धरलेलं कार्ड, भिंगाआड एक चेहरा]

या गृहस्थांचे ओठ बघा. जागेवर नाहीत. तांबडा रंग घसरून हनुवटीवर आलाय, आणि गळ्याजवळची लाल पट्टी सदरा सोडून हवेत तरंगतेय. चेहरा मात्र गंभीर. आपलं काय झालंय, याचा त्यांना पत्ता नाही.

"रंग आउट झालाय," काका म्हणतात.

[कॅमेरा मागे येतो : तळघर, बुटांचे खोके, काकांचे हात]

काका न्यू जर्सीत राहतात. त्याआधी गिरगावातल्या एका छापखान्यात मशीनमन होते. बेसबॉलमधलं त्यांना आजही फारसं कळत नाही. पण ही शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची बेसबॉलची कार्डं ते जमवतात, आणि त्यातही बिघडलेली. चांगलं छापलेलं कार्ड हातात दिलं तर दोन्ही बाजू बघून परत करतात.

[कार्डाशेजारी आगपेटी ठेवलेली]

उंची अडीच इंचाहून जराशी जास्त, रुंदी दीड इंचाच्या आत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून ही कार्डं निघायची. अशा कार्डांचं मूळ काम साधं होतं : पाकीट मऊ, ते चेपू नये म्हणून आत एक ताठ पुठ्ठा. मग त्या पुठ्ठ्यावर चित्र आलं. नट्या, झेंडे, पक्षी, आणि बेसबॉलचे खेळाडू. पोरं दुकानाबाहेर उभी राहून गिऱ्हाइकांकडे कार्डं मागायची, आणि ज्यांना मागून मिळत नव्हती त्यातली काही सिगारेटच ओढायला लागली.

[भिंगातून : कार्डाची मागची बाजू, निळी अक्षरं]

मागच्या बाजूला जाहिरात. पिडमाँट निळ्या शाईत, स्वीट कॅपोरल लाल शाईत. एकूण सोळा ब्रँड, मालक एकच, अमेरिकन टोबॅको कंपनी. त्यातल्या एका सिगारेटचं नाव होतं 'हिंदू'. काकांकडे तसं एक कार्ड आहे, तपकिरी शाईतलं. ते दाखवताना काका जरा हसतात. का, ते विचारायचं राहून गेलं.

[जुन्या सूचिपुस्तकाची पिवळी पानं उलटताना]

जाणकार या मालिकेला 'टी-२०६' म्हणतात. हे नाव कंपनीनं दिलेलं नाही. सिरॅक्यूज शहरात जेफरसन बर्डिक नावाचा माणूस होता. कारखान्यात विजेच्या सामानाची जुळणी करायचा. संधिवातानं बोटं आखडलेली, पगार बेताचा, आणि नाद असला कार्डांचा. अमेरिकेतल्या साऱ्या छापील कार्डांची त्यानं यादी केली, १९३९ साली ती छापली, आणि एकेका मालिकेला अक्षर आणि आकडा दिला. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. पुढे तीन लाखांहून जास्त वस्तूंचा आपला संग्रह त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, आणि तो वह्यांत चिकटवायला स्वतः तिथे जाऊन बसायचा. १९६३च्या जानेवारीत शेवटचं कार्ड चिकटवलं, मार्चमध्ये माणूस गेला. टी-२०६ मध्ये एकूण ५२४ कार्डं धरतात. तो आकडा पक्का करण्यात पुढच्या लोकांचीही भांडणं खर्ची पडली आहेत.

[पुन्हा भिंग : गालावरचे बारीक ठिपके]

छापली कुणी? न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीनं. तंत्र शिळामुद्रणाचं. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, रूळ फिरवायचा. पाणी असतं तिथे शाई बसत नाही, चित्र असतं तिथे बसते. एका रंगाला एक दगड. या कार्डांना सहा ते आठ रंग लागलेत. म्हणजे तोच कागद सहा-आठ वेळा यंत्राखालून जायचा, दर वेळी आधीच्या रंगावर नेमका बसायचा, आणि हे करणारा माणूस पहाटेपासून उभा असायचा.

गालावरचे हे ठिपके बघा. कॅमेऱ्यानं पाडलेले नाहीत. छायाचित्र समोर ठेवून कलाकारांनी दगडासाठी तयार केलेत. पिवळ्याचे वेगळे, गुलाबीचे वेगळे, सावलीतल्या करड्याचे वेगळे.

[जुनी ओलिओग्राफ, म्हणजे छापील रंगीत तसबीर, लाकडी चौकट, काच तडकलेली]

हे तंत्र आपल्या घरात होतं, हे आपण विसरलो. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा हा छापखाना सुरू झाला. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती अशाच एकेका रंगानं दगडावरून उतरल्या. आमच्या देवघरातल्या लक्ष्मीचं कुंकू डाव्या भुवईवर होतं. आजी म्हणायची, फोटो काढताना तिनं मान हलवली. तो फोटो नव्हता आणि मान दगडावरच्या कागदानं हलवली होती, हे मला काकांच्या तळघरात कळलं.

[चिमट्यानं कार्ड फिरवताना, चारही कडा]

चूक ओळखायची कशी?

"चेहरा बघायचा नाही. आधी कड बघायची," काका सांगतात.

रंग सरकला असेल तर चित्राच्या चौकटीबाहेर, पांढऱ्या समासात त्याची बारीक रेघ सापडते. एका बाजूला रंग बाहेर आलेला आणि समोरच्या बाजूला तेवढीच फट. दोन्ही जुळलं की समजायचं, अख्खा कागद हललाय. नुसता ओठच सरकलेला आणि कडा जागेवर, असं दिसलं तर खुशाल संशय घ्यावा.

[दोन कार्डं शेजारी : एक नेहमीचं, एक पिवळट]

या दुसऱ्या कार्डात लाल रंगच नाही. कावीळ झाल्यासारखा खेळाडू. एकतर लाल रंगाच्या फेरीत हा कागद यंत्राखालून गेलाच नाही, किंवा कार्ड शंभर वर्षं खिडकीशी पडून उडालं. पहिलं असेल तर मोलाचं, दुसरं असेल तर नुसतं फिकट कार्ड. इथे भिंगाशिवाय गत्यंतर नाही. उन्हानं उडालेला लाल पूर्ण जात नाही, ठिपक्यांच्या मुळाशी गुलाबी अंश उरतो, आणि बाकीचे रंगही थोडे मलूल होतात. लाल पडलाच नसेल, तर त्या जागी थेट पिवळा आणि कागद. पिवळा तेजस्वी, तपकिरी नाव खणखणीत, आणि लाल कुठेच नाही, शिवणीत नाही की कानाच्या पाळीतही नाही.

[मागची बाजू, तिरपा उजेड, उलटा अस्पष्ट चेहरा]

हे माझं आवडतं. जाहिरातीच्या अक्षरांमागे एक चेहरा आहे, आरशातल्यासारखा उलटा. भुताटकी वगैरे नाही. ओले कागद एकावर एक रचले, खालच्याची शाई वरच्याच्या पाठीला लागली. छापखान्यात याला सेट-ऑफ म्हणतात, आजही म्हणतात आणि आजही यावरून शिव्या बसतात. चेहरा सुलटा असता, तर गोष्ट वेगळी : तोच कागद दोनदा यंत्राखालून गेला. उलटा की सुलटा, एवढ्यावरून सांगता येतं की घोटाळा गठ्ठ्यात झाला की यंत्रावर.

[कार्डाच्या वरच्या कडेला कापलेलं नाव]

या कार्डाला दोन नावं. खाली स्वतःचं, वर शेजाऱ्याचं. कटिंग चुकलंय. पण अशाच कार्डांवरून मोठ्या कागदावर कुणाच्या डोक्यावर कोण होता, याचा अंदाज बांधतात. कारण टी-२०६ चा न कापलेला पूर्ण कागद आजवर कुणाला सापडलेला नाही. चुकलं नसतं तर काहीच कळलं नसतं.

[नावाच्या पट्टीचे क्लोजअप, एकामागून एक]

आता नावं. आपल्याकडे छपाईतली चूक झाली की मुद्राराक्षसाच्या माथी मारतात. त्यानं इथेही बरंच काम केलंय.

फिलाडेल्फियाचा शेरी मगी. स्पेलिंग एम, ए, जी, ई, ई. कार्डावर छापलं एम, ए, जी, आय, ई. चूक लवकर सुधारली, त्यामुळे चुकलेलं कार्ड दुर्मीळ. ते फक्त एकाच पाठीसह मिळतं : पिडमाँट, जिच्यावर मालिकेत १५० कार्डं असल्याचं छापलंय. पाठीवर दुसरा ब्रँड असेल तर कार्ड खाली ठेवा आणि चहा प्या.

पाठ बरोबर असली, तरी पुढे सापळा आहे. नेहमीच्या कार्डातल्या पहिल्या 'ई'च्या तीन आडव्या रेघा खरवडल्या की उरतो 'आय'. लोकांनी हे केलंय. पण 'ई' ऐसपैस जागा घेतो, 'आय' सडपातळ. खरवडलेल्या 'आय'च्या उजवीकडे दात पडल्यासारखी फट राहते. आणि दिवा आडवा धरला की तिथले कागदाचे तंतू उठलेले दिसतात.

[दिवा हळूहळू आडवा होतो, कागदाचा पोत उजळतो]

न्यूयॉर्कचा गोलंदाज ज्यो डॉइल. खेळायचा अमेरिकन लीगमध्ये, कार्डावर नावापुढे लागलं 'नॅशनल'. कारण शहर एक, आडनाव एक, माणसं दोन : दुसऱ्या, नॅशनल लीगच्या जायंट्स संघात लॅरी डॉइल होता. नाव जुळवणाऱ्याच्या डोक्यात गल्लत झाली. नंतर तो शब्द काढून टाकला. शब्द असलेली कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि शब्द मागाहून जोडलेली बनावट कार्डं त्याहून सहज भेटतात.

हा बड शार्प. इथे त्याच्या 'आर'ची तंगडी मोडली आणि झाला 'पी'. शार्पचा शाप्प. हे अज्ञान नव्हे, अक्षर नीट उमटलं नाही, एवढंच.

आणि हा फ्रेड स्नॉडग्रास, झेल घेण्याच्या पवित्र्यात. सुरुवातीचा 'एस' गायब, उरला नॉडग्रास. कागद आणि छाप यांच्यामध्ये काहीतरी आलं असणार. याच स्नॉडग्रासनं १९१२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या लढतीत, सोपा झेल सोडला आणि जन्मभर तेच ऐकून घेतलं. ते तर त्याच्या नावासकट लक्षात राहिलं.

[फूटपट्टी, दोन कार्डांच्या रुंदीतला फरक]

एक सावधगिरी. कार्ड बारीक दिसलं की लोक ओरडतात, कडा कापल्या! कापतातही, कारण कोपरे धारदार दिसले की भाव चढतो. पण अमेरिकन ब्यूटी या ब्रँडची कार्डं मुळातच थोडी अरुंद असतात. म्हणून आधी पाठ बघायची, मग पट्टी लावायची.

[अंधार, जांभळा दिवा, एक कार्ड निळसर चमकतं, दुसरं नाही]

नकली तर ढिगानं आहेत. जांभळ्या, म्हणजे अतिनील दिव्याखाली हे डावीकडचं कार्ड धुतलेल्या सदऱ्यासारखं चमकतंय. कागदात शुभ्रतेची रसायनं घालायची रीत विसाव्या शतकाच्या मध्याकडची, १९१०च्या पुठ्ठ्याला ती कुठून येणार? भिंगाखाली तर अजून सोपं : आजच्या छपाईत नावाची अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनतात. जुन्यात ती एकसंध तपकिरी शाईची.

[होनस वॅग्नरच्या कार्डाची प्रतिकृती, क्षणभर]

पैशाचं सांगायचं तर, २०२२ साली या मालिकेतलं होनस वॅग्नर या खेळाडूचं एक कार्ड साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. आणि वॅग्नरच्याच दुसऱ्या एका गाजलेल्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या, असं एका लिलावदारानं २०१३ साली कबूल केलं. त्याला पुढे तुरुंगवास झाला.

[काकांचे हात खोक्यात शोधताना]

खेळाडूचं नाव कार्डावर आहे. सिगारेटचं नाव आहे. सिगारेट कुठल्या कारखान्यात वळली, त्याचा नंबरसुद्धा पाठीवर आहे : पिडमाँटवर फॅक्टरी नंबर २५, व्हर्जिनिया. छापखान्याचं नाव कुठेही नाही. दगड ओला करणाऱ्याचं, रंग जुळवणाऱ्याचं, गठ्ठे उचलणाऱ्याचं तर नाहीच नाही.

[कार्डाची पाठ : निळी अक्षरं, कोपऱ्यात तपकिरी डाग]

हे शेवटचं. विकणाऱ्यानं 'डागाळलेलं' म्हणून स्वस्तात दिलं. काकांनी घासाघीसही केली नाही. पाठीच्या कोपऱ्यात तपकिरी ठसा आहे. भिंग खाली आणलं की रेघा दिसतात, गोल गोल.

अंगठा कुणाचा? चॉकलेट खाणाऱ्या पोराचा असू शकतो, विडीवाल्या आजोबांचा असू शकतो. काका कार्ड दिव्याजवळ नेतात. ठशावरून पिडमाँटचं एक निळं अक्षर गेलंय. त्या अक्षराची कड ठशामध्येही अखंड आहे. तपकिरी रंग निळ्याच्या वर कुठेच आलेला नाही.

"अंगठा आधी," काका म्हणतात. "छपाई नंतर."

[काका कार्ड टेबलावर ठेवतात. स्वतःचा अंगठा त्या ठशाशेजारी आणतात, न टेकवता. आवाज नाही.]