लिथियम-११ : ऐसपैस पसरलेलं केंद्रक

मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम साधंसुधं. केंद्रकात ३ प्रोटॉन आणि बहुतेक वेळा ४ न्यूट्रॉन. त्यात आणखी ४ न्यूट्रॉन कोंबले की होतं लिथियम-११; ३ आणि ८ मिळून ११. पण ते टिकत नाही; ९ मिलिसेकंदांच्या आतच निम्मी केंद्रकं विघटित होतात. मग त्याचा आकार मोजणार कसा?

(पडद्यावर : बर्कलीच्या टेकडीवरची गोल इमारत)

१९८५, कॅलिफोर्निया. भौतिकशास्त्रज्ञ इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाताशी होता बेव्हालॅक हा त्वरक, म्हणजे केंद्रकांना प्रचंड वेग देणारं यंत्र. यंत्र जुनंच. १९५५ मध्ये प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा ऋण भाराचा जुळा, सापडला तो याच्याच मुख्य भागात. वेगवान केंद्रकांचा झोत लक्ष्यावर आदळवायचा, उडालेल्या ठिकऱ्यांतून चुंबकांनी लिथियम निवडून काढायचं. प्रकाशाच्या ८४ टक्के वेगाने निघालेल्या केंद्रकाला ९ मिलिसेकंद म्हणजे चैनच! ते पुढे कार्बनच्या पट्टीतून जातं. आत किती शिरली, धडक न होता किती बाहेर पडली, एवढंच मोजायचं. केंद्रक मोठं, तर धडका जास्त. मला या प्रयोगाचं कौतुक वाटतं ते या सरळपणासाठी.

लिथियम-९ (६ न्यूट्रॉनांचं) पर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. लिथियम-११ मध्ये न्यूट्रॉन दोनच वाढले. कणांच्या संख्येच्या प्रमाणात घनफळ वाढतं, या नेहमीच्या नियमाने त्रिज्या ७ टक्क्यांनी वाढायला हवी होती. वाढली ती जवळजवळ एक तृतीयांशाने.

१९८७ मध्ये हान्सेन आणि यॉनसन या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ लावला. एरवी एक न्यूट्रॉन उपटून काढायला ८,००० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (अणुजगतातलं ऊर्जेचं एकक) आसपास ऊर्जा लागते. इथे शेवटचे दोन्ही मिळून सुटतात जेमतेम ३७० मध्ये. इतक्या सैल बंधनामुळे ते गाभ्यापासून, म्हणजे आतल्या लिथियम-९ पासून, लांबवर, विरळ प्रभामंडळासारखे पसरतात.

(पडद्यावर : एकमेकांत अडकलेली तीन कडी)

गंमत पुढेच आहे. दोन न्यूट्रॉन एकटे एकत्र राहत नाहीत. लिथियम-९ आणि एक न्यूट्रॉन, हीही जोडी जमत नाही. तिघं असले तरच संसार. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हातली कडी अशीच; एक काढलं की उरलेली दोन सुटी. म्हणून ही 'बोरोमियन' केंद्रकं.

आणि गाभा? तो तरी स्वस्थ असेल, असा अंदाज होता. २००६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला, ट्रायम्फ प्रयोगशाळेत, लेझरने फक्त प्रोटॉनांचा पसारा मोजला गेला. लिथियम-९ मध्ये २.२२ फेम्टोमीटर (मीटरच्या हजार-लाख-कोटी भागांपैकी एक), लिथियम-११ मध्ये २.४७. प्रोटॉन तर तेवढेच, तीन! बाहेरचे दोन न्यूट्रॉन बरेचदा एकाच बाजूला असतात, आणि गाभा त्यांच्या विरुद्ध दिशेला सरकत राहतो; म्हणून त्यातल्या प्रोटॉनांचा पसाराही मोठा भरतो.