हा ठिपका कुठल्या बोटीचा?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळी बंदी उठली, की हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, सगळ्या बंदरांतून बोटींची झुंबड उडते. जेटीवरचा माणूस लांबूनच सांगतो, ही अमक्याची, ती तमक्याची. किनाऱ्यावरच्या रडारला मात्र ते इतकं सोपं नसतं.

रडारचा झोत समजा एक अंशाचा आहे. दहा किलोमीटरवर पोचेपर्यंत तो जवळजवळ पावणेदोनशे मीटर रुंद होतो. तेवढ्यात शेजारी-शेजारी चाललेल्या दोन बोटी पडद्यावर एकच ठिपका होऊन येतात. जरा फाकल्या, की दोन ठिपके. मधेच एखादी उंच लाटही ठिपका बनून घुसते.

मग संगणक आधीची जागा, वेग आणि दिशा बघून बोट आता कुठे असेल याचा अंदाज बांधतो. अंदाजावर किती भरवसा ठेवायचा आणि नव्या ठिपक्यावर किती, हे काल्मन फिल्टर नावाची गणिती पद्धत ठरवते. रुडॉल्फ काल्मन यांनी ती १९६० साली मांडली. बोट एकटी असली तर एवढ्यावर भागतं. पण दहा बोटी नि दहा ठिपके असले, तर जोड्या लावायचे प्रकार होतात ३६,२८,८००! जवळचा ठिपका उचलून मोकळं व्हावं, असं वाटतं. पण दोन बोटी एकमेकींना ओलांडत असतील तर नेमकी तिथेच अदलाबदल होते, आणि पुढचा सगळा माग भलत्याच बोटीचा निघतो.

डोनाल्ड रीड यांनी १९७९ साली दाखवलेली वाट मला फार मोलाची वाटते. लगेच निकाल द्यायचाच नाही. बोटी ओलांडून गेल्या असतील, किंवा जवळ येऊन पुन्हा वळल्या असतील. दोन्ही शक्यता जिवंत ठेवायच्या, आणि रडारच्या झोताच्या पुढच्या फेऱ्यांचे ठिपके येतील तशी न जुळणारी गाळत जायची. संगणकावर भार पडतो, थोडा वेळ जातो. पण वादळात मदतीची बोट चुकीच्या दिशेला धाडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तांडेलांना एक कळकळीची विनंती. फायबरच्या बोटीवरून रडारच्या लहरी फारशा परतत नाहीत. म्हणून डोलकाठीवर रडार रिफ्लेक्टर बांधा. काटकोनात जोडलेले धातूचे तीन पत्रे आलेली लहर आल्या वाटेने परत धाडतात. जेवढा उंच बांधाल, तेवढा लांबून दिसेल. आणि एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आपोआप कळवणारं यंत्र, बसवलेलं असेल तर ते चालू ठेवा. ते बोटीचा क्रमांक आपणहून सांगत राहतं.